अ‍ॅव्होकॅडो आतून काळा का निघतो?

मे महिन्यात मी दोन अ‍ॅव्होकॅडो आणले. दोन्ही दगडासारखे कडक. आमच्या घरात न पिकलेल्या फळाची जागा ठरलेली आहे: तांदळाचा डबा. चिकू तिथेच पिकतात, सीताफळं तिथेच पिकतात, पेटीतले शेवटचे चार हिरवे हापूसही तिथेच जातात. तेव्हा हेही गेले. पाचव्या दिवशी आईने डबा उघडला आणि मला हाक मारली. एका फळाच्या देठापाशी बोट टेकवलं तर ते आतच गेलं. कापून पाहिलं तर देठाकडून खाली उतरलेला तपकिरी ओघळ, आणि एका कुशीला सालीखाली रुपयाएवढे दोन काळपट गोल. मधला थोडा गर मात्र अगदी हवा तसा, पोपटी-पिवळा आणि लोण्यासारखा.

"कोंडून सडला," आईने निकाल दिला.

निकाल अर्धा बरोबर होता. डब्याने हातभार लावला हे खरं, पण ज्या बुरशीने फळ सडवलं ती डब्यातली नव्हती. दुकानातली नव्हती, आणि फळ ज्या कंटेनरमधून आलं असेल त्यातलीही बहुधा नव्हती. फळ झाडावर जेमतेम लिंबाएवढं असताना, कित्येक महिन्यांपूर्वी, कुठल्यातरी पावसात ती सालीवर येऊन बसली होती. सड दिसते काढणीनंतर, पण लागण होते बागेत. एवढं एक ध्यानात धरलं की शेतकरी फवारणी का करतो, पॅकहाऊसवाला तापमानासाठी का भांडतो आणि आपला तांदळाचा डबा कुठे चुकतो, हे सगळं एकाच धाग्यात बसतं.

शिरते आणि थांबते

अ‍ॅव्होकॅडो सडवणाऱ्या बुरशींत पहिला मान कोलेटोट्रायकमचा. नाव परकं वाटलं तरी महाराष्ट्राला ही बुरशी नवी नाही. आंब्याच्या मोहोरावरचा आणि फळावरचा करपा तिचाच. मिरचीवरची फळकूज तिच्या भाऊबंदांची. पिकलेल्या केळ्यावर आणि पपईवर पडणारे खोलगट काळे डागही बऱ्याचदा तिच्याच कुळातले.

तिचा मुक्काम असतो झाडावरच. वाळक्या काटक्या, फांद्यांच्या बेचक्यात अडकलेली सुकी पानं, झाडावरच वाळून लोंबत राहिलेलं गेल्या हंगामातलं एखादं फळ. पावसाचा थेंब तिथे आपटला की बीजाणू शिंतोड्यांबरोबर उडतात आणि खालच्या फळांवर जाऊन पडतात. फळ काही तास ओलं राहिलं की बीजाणू रुजतो.

आता गंमत बघा. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात, मूळचे केरळचे असलेले जीवरसायनशास्त्रज्ञ पप्पचन कोलात्तुकुडी यांच्या गटाने दाखवलं की अ‍ॅव्होकॅडोच्या सालीवरचं मेणच या बुरशीच्या बीजाणूला रुजायची खूण देतं. पाणी बाहेर राहावं, आतला ओलावा टिकावा म्हणून झाडाने सालीला मेणाचा हात दिलेला असतो. बुरशी त्याच मेणातल्या लांब साखळीच्या अल्कोहोलांवरून ओळखते, की आपण योग्य घरी आलो.

रुजलेला बीजाणू आधी एक आखूड नळी काढतो आणि तिच्या टोकाला एक गडद, फुगीर गाठ तयार करतो. तिला अ‍ॅप्रेसोरियम म्हणतात. पायाला जळू चिकटावी तशी ही गाठ सालीला घट्ट चिकटते. तिच्या बुडातून एक अतिसूक्ष्म खुंटी निघते आणि सालीच्या मेणकट थरात घुसते. आणि तिथेच थांबते. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, महिनोनमहिने. फळ वाढत राहतं, बाहेरून अगदी निरोगी दिसतं, तोडलं जातं, प्रतवारीत पहिल्या नंबरात पास होतं. धुतलं, पुसलं, भिंगातून पाहिलं तरी काही सापडत नाही. याला सुप्त संसर्ग म्हणतात.

ती थांबते का, हा प्रश्न अनेक दशकं लावून धरला इस्रायलच्या वोल्कानी संस्थेतल्या डोव्ह प्रुस्की यांनी. १९८२ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कच्च्या अ‍ॅव्होकॅडोच्या सालीत एक तेलकट बुरशीनाशक द्रव्य असल्याचं मांडलं. त्याचं रासायनिक नाव एका ओळीत मावणार नाही. आपण त्याला संशोधकांसारखंच नुसतं 'डाइन' म्हणू. कच्च्या फळात त्याचं प्रमाण इतकं असतं की बुरशीला पुढे सरकता येत नाही. फळ पिकायला लागलं की ते झपाट्याने घटतं.

का घटतं, याची साखळी मला फार आवडते. फळातच लिपॉक्सिजिनेज नावाचं एक विकर असतं, ते डाइनला मोडतं. पण कच्च्या फळात त्या विकरावर एपिकॅटेचिनचा पहारा असतो. हे एपिकॅटेचिन म्हणजे चहात आणि कोकोत असतं तेच. फळ पिकताना एपिकॅटेचिन कमी होतं, पहारा उठतो, विकर मोकळं सुटतं, डाइन मोडून पडतं, आणि सालीत दबा धरून बसलेल्या खुंटीला वाट मोकळी होते. वर बुरशी स्वतः अमोनिया सोडून आसपासच्या सालीचा आंबूसपणा मारते, कारण पेशींना जोडून ठेवणारं पेक्टिन विरघळवणारी तिची हत्यारं आम्लात नीट चालत नाहीत. आपण गर मऊ झाला म्हणून खूश होतो त्याच दोन दिवसांत आत हे सगळं घडत असतं.

हापूसमध्येही साधारण हाच खेळ आहे. तिथे डाइनची जागा कैरीच्या सालीतली रेसॉर्सिनॉलं घेतात, आणि आंबा पिकताना तीही घटतात. म्हणून कैरीला करप्याची सड सहसा दिसत नाही आणि पिकल्या आंब्याला दोन दिवसांत काळे डाग फुटतात.

पण अ‍ॅव्होकॅडोची एक खोड आंब्याहून वेगळी आहे. तो झाडावर पिकतच नाही. फळ कितीही जून झालं तरी फांदीला लटकलेलं असेपर्यंत कडकच राहतं. पिकण्याचं चक्र सुरू होतं ते देठ तुटल्यावर. म्हणजे झाडावर फळही सुरक्षित आणि बुरशीही झोपलेली. काढणीच्या क्षणी दोघांचंही घड्याळ एकदम सुरू होतं. पुढचा सगळा उद्योग त्या दोन घड्याळांच्या शर्यतीचा आहे.

सुरी फिरवल्यावर काय दिसतं

काळं निघालेलं प्रत्येक फळ एकाच कारणाने काळं नसतं. कापल्यावर नीट पाहिलं तर कारण बहुतेक वेळा ओळखता येतं.

सालीखाली गोल डाग, गरात वाटीसारखा उतरलेला, बाकी फळ छान: हा करपा, म्हणजे कोलेटोट्रायकम. सुरुवातीला तो चमच्याने जवळजवळ अख्खा उचलून काढता येतो. हिरव्या सालीच्या जातींवर, उदाहरणार्थ फुएर्तेवर, तो बाहेरूनही दिसतो. हॅस जातीवर दिसत नाही, कारण हॅसची खरखरीत साल पिकताना स्वतःच जांभळट काळी होते आणि डाग झाकून टाकते. कॅलिफोर्नियातल्या रुडॉल्फ हॅस या पोस्टमनने १९३५ मध्ये या जातीचं पेटंट घेतलं, आणि आज जगाच्या व्यापारात तिचंच राज्य आहे. त्यामागे चव आणि तेलाचं प्रमाण आहेच, पण जाड काळी साल प्रवासातले ओरखडे आणि डाग लपवते हेही एक कारण आहे. दुकानदाराच्या सोयीची गोष्ट गिऱ्हाइकाला घरी येऊन कळते.

देठापासून सुरू होऊन खाली पसरणारा तपकिरी पट्टा, आणि त्याबरोबर गरातल्या शिरा काळ्या दोऱ्यांसारख्या उठून दिसणं: ही देठकूज. हिच्या मागे लॅसिओडिप्लोडिया, निओफ्युसिकॉकम अशा वेगळ्या बुरशी असतात, कधीकधी कोलेटोट्रायकमही. या मंडळींची राहणी निराळी आहे. त्यांतल्या बऱ्याचशा झाडाच्या काटक्यांच्या आतच, कुणाला त्रास न देता राहतात. फळ तोडलं की देठाच्या आतून खाली सरकतात, किंवा तोडणीच्या ओल्या जखमेतून शिरतात. माझ्या डब्यातल्या फळाला दोन्ही रोग एकदम लागलेले होते.

आणि गर सगळीकडून राखाडी, मळकट, कुठे ठळक डाग नाही: ही बुरशीच नव्हे. ही थंडीची इजा. फळ फार दिवस किंवा फार गारठ्यात राहिल्याने पेशी फुटतात. हे फळ बुरशीच्या नावावर जमा करू नका, कारण त्याचा उपाय उलट्या दिशेचा आहे. थंडी वाढवून तो प्रश्न सुटत नाही, वाढतो.

देठाची टिकली नखाने उचकटून आतला रंग पाहायची एक युक्ती समाजमाध्यमांवर फिरते. टिकलीखाली हिरवं असेल तर फळ चांगलं, तपकिरी असेल तर गेलं. घरात, कापायच्या आधी, खुशाल करा. दुकानात मात्र करू नका. टिकली काढलेलं फळ म्हणजे देठकुजीला दार उघडून दिलेलं फळ, आणि ते तुमच्यानंतर दुसरंच कुणीतरी विकत घेणार असतं.

काढणीनंतरचं काम बागेत सुरू होतं

लागण बागेतच होत असेल तर पहिला उपाय बागेतच, हे ओघाने आलं. वाळक्या फांद्या छाटणं आणि बागेबाहेर नेणं, झाडाच्या पोटात हवा आणि ऊन शिरेल अशी विरळणी करणं. यात चमक काहीच नाही, पण बीजाणूंचा कारखाना तिथेच बंद होतो. ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिकेच्या पावसाळी भागांत फळधारणेनंतर ताम्रयुक्त बुरशीनाशकांच्या फवारण्या करतात. तांबं सालीवर बसून बीजाणूला रुजण्याआधी मारतं. खुंटी एकदा आत गेली की तांब्याचा उपयोग नाही, म्हणून फवारणी पावसाच्या आधी. मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण घोटलेल्या द्राक्ष बागायतदाराला हे वेगळं सांगायला नको.

खताचाही संबंध आहे, आणि तो मला अनपेक्षित वाटला. ज्या फळात कॅल्शियम जास्त आणि नत्र कमी, ते सावकाश पिकतं आणि करप्याला कमी बळी पडतं. नत्राचा मारा केलेली हिरवीगार बाग दिसायला देखणी असते, पण तिची फळं गोदामात लवकर बसतात. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडमध्ये तर असं दिसलं की एकच हॅस जात वेल्विक या ग्वाटेमालन वंशाच्या खुंटावर (कलमाखालच्या मुळाच्या झाडावर) बांधली तर, ड्यूक ६ या मेक्सिकन वंशाच्या खुंटापेक्षा, तिच्या फळांवर करपा कमी येतो. कलम बांधताना घेतलेला निर्णय काही वर्षांनी गिऱ्हाइकाच्या ताटात दिसतो तो असा.

फळ केव्हा तोडायचं हे रंगावरून ठरत नाही, शुष्क पदार्थावरून ठरतं. गर किसायचा, वजन करायचं, मायक्रोवेव्हमध्ये थोडं थोडं करून वजन घटायचं थांबेपर्यंत वाळवायचं आणि पुन्हा वजन करायचं. कॅलिफोर्नियात हॅससाठी किमान २०.८ टक्के शुष्क पदार्थ लागतो. त्याआधी तोडलेलं फळ पिकत नाही, सुरकुतून रबरासारखं होतं. उलट फार उशिरा तोडलेलं फळ भराभर पिकतं आणि भराभर सडतं.

तोडणीच्या दिवसाचे नियम आंबेवाल्यांना पाठ आहेत. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने 'नूतन झेला' काढला तो कशासाठी? आंबा देठासकट उतरावा, जमिनीवर आपटू नये, चीक सालीवर सांडू नये, म्हणून. अ‍ॅव्होकॅडोला तसा चीक नसतो, पण देठाचा छोटा तुकडा ठेवून कात्रीने कापलेलं फळ ओढून तोडलेल्या फळापेक्षा देठकुजीपासून जास्त सुरक्षित राहतं, विशेषतः हवा दमट असेल तर. पाऊस पडत असताना तोडू नये, ओलं फळ क्रेटमध्ये भरू नये, भरलेला क्रेट उन्हात ठेवू नये. आणि आपटू नये. कडक अ‍ॅव्होकॅडो दगडासारखा लागतो म्हणून माणसं तो दगडासारखाच टाकतात. मार त्या दिवशी दिसत नाही, पिकल्यावर दिसतो.

औषधाच्या टाकीत काय होतं आणि काय होत नाही

पॅकहाऊसमध्ये फळ धुतात तेव्हा पाण्यात क्लोरीन किंवा तत्सम जंतुनाशक असतं. त्याने पाण्यातले आणि सालीवर पडलेले ताजे बीजाणू मरतात. एका सडक्या फळाने टाकीतली हजार फळं बाटवू नयेत यासाठी ते हवंच. पण सालीत शिरलेल्या खुंटीला ते शिवतही नाही. 'आम्ही फळं क्लोरीनने धुतो, तरी सडतात' अशी तक्रार ऐकली की समजावं, धुणं म्हणजे औषध नव्हे.

मग खरी बुरशीनाशकं. अनेक वर्षं या धंद्यात प्रोक्लोराझचा दबदबा होता. काढणीनंतर शक्यतो २४ तासांत फळ त्यात बुडवायचं किंवा त्याखालून न्यायचं. खुंटी अजून वरच्या थरातच असते, म्हणून औषध तिथवर पोचतं. देठाच्या आतून येणाऱ्या बुरशीपर्यंत मात्र ते तितकंसं पोचत नाही. पण युरोपीय संघात प्रोक्लोराझची मंजुरी २०२१ च्या अखेरीस संपली, आणि युरोपला माल पाठवणाऱ्या बागायतदारांना दुसरे मार्ग शोधावे लागले. फ्लुडायोक्सोनिल हा त्यातला एक. आपल्याकडे कुणी या वाटेने जाणार असेल तर त्याने आधी औषधाला अ‍ॅव्होकॅडोसाठी लेबल क्लेम, म्हणजे त्या पिकावर वापरायची अधिकृत मंजुरी, आहे का ते पाहावं, आणि ज्या देशात माल जायचा तिथली अवशेषांची मर्यादा पाहावी. आंब्याला चालतं म्हणून इथे चालेल, हा हिशेब महागात पडतो.

आंब्याला चालणारी आणखी एक गोष्ट इथे चालत नाही: गरम पाणी. करप्यासाठी आंबा ५२ अंशांच्या आसपासच्या पाण्यात काही मिनिटं बुडवतात. २०१४ मध्ये युरोपने फळमाशीमुळे भारतीय आंबा अडवला, त्यानंतर ४८ अंशांच्या पाण्यात एक तास हा प्रकार कोकणातल्या निर्यातदारांच्या अंगवळणी पडला. अ‍ॅव्होकॅडोला पन्नाशीच्या पुढचं पाणी सहन होत नाही, साल भाजते.

जैविक मार्गात सर्वात जुना आणि गाजलेला प्रयत्न दक्षिण आफ्रिकेतला. प्रिटोरिया विद्यापीठात लिझ कॉर्स्टन यांनी अ‍ॅव्होकॅडोच्या झाडावरूनच बॅसिलस सबटिलिस या जिवाणूचा एक वाण वेगळा केला आणि तो 'अ‍ॅव्होग्रीन' नावाने बाजारात आला. तत्त्व सोपं आहे: रेल्वेच्या डब्यात आधी चढून जागा धरणं. सालीवर हा जिवाणू आधीच पसरलेला असेल तर बुरशीला जागा आणि अन्न मिळत नाही. पण तो आधी चढायला हवा. उशिरा आलेल्याला दारात लटकावं लागतं, हे मुंबईकराला सांगायला नको.

दक्षिण आफ्रिकेतच थाइमच्या तेलाच्या वाफेवरही बरंच काम झालं आहे. त्या तेलातलं मुख्य द्रव्य थायमॉल, म्हणजे आपल्या ओव्याला ओव्याचा वास देणारं तेच. हे वाचून कुणी फळाला ओव्याचा अर्क चोळू नये. मात्रा चुकली तर साल करपते, आणि ओव्याच्या वासाचा अ‍ॅव्होकॅडो कोण खाणार?

खरा उपाय: थंडी आणि वेळ

माझ्या मते औषधांपेक्षा जास्त फळं थर्मामीटर वाचवतो. हॅसला साठवणुकीत साधारण ५ ते ७ अंश सेल्सिअस मानवतं. त्या तापमानाला फळाचं पिकणं मंदावतं, म्हणजे डाइनचा पहारा टिकतो, आणि बुरशीची वाढही मंदावते. एका बाणात दोन पक्षी, पण मेलेला एकही नाही. दोघेही फक्त झोपतात. फळ थंडीतून बाहेर काढलं की गाडी जिथे थांबली तिथून पुढे निघते. शिवाय महिनाभरापेक्षा जास्त साठवलेलं फळ बाहेर आल्यावर जास्त सडतं, कारण थंडीतही त्याची ताकद हळूहळू खर्च होतच असते. लांबच्या प्रवासासाठी कंटेनरमधली हवाही बदलतात: ऑक्सिजन २ ते ५ टक्के आणि कार्बन डायऑक्साइड ३ ते १० टक्के, म्हणजे फळ जवळजवळ श्वास रोखून प्रवास करतं.

प्रत्येक जातीची थंडी सोसायची ताकद वेगळी. वेस्ट इंडियन वंशाच्या, पातळ सालीच्या मोठ्या हिरव्या फळांना १० ते १३ अंशांच्या खालीच बाधा होते. दक्षिण भारतात जुन्या काळापासून लावलेली 'बटर फ्रूट'ची झाडं बरीचशी याच वळणाची आहेत. हॅसचं पुस्तक उघडून ती ५ अंशांत टाकली तर बुरशी नाही, थंडीच ती खाईल.

आणि मग पिकवणी. इथे इथिलीन येतं. केळी पिकवणाऱ्यांच्या रायपनिंग चेंबरमध्ये सोडतात तोच वायू. आपल्याकडे कॅल्शियम कार्बाइडला बंदी आहे, आणि १०० पीपीएमपर्यंत इथिलीन वापरायची परवानगी अन्नसुरक्षा प्राधिकरणाने दिलेली आहे. फळ स्वतःही पिकताना इथिलीन सोडतं. कोलात्तुकुडींच्याच प्रयोगशाळेत १९९४ मध्ये दिसलं की कोलेटोट्रायकमचे बीजाणूही इथिलीनची चाहूल घेतात, आणि ते मिळालं की रुजून गाठी करतात. फळाने स्वतःसाठी वाजवलेली घंटा बुरशीही ऐकते.

मग इथिलीन द्यायचंच नाही का? उलट आहे. १७ ते २० अंशांत एक-दोन दिवस इथिलीन दिलेली फळं चटकन आणि एकसारखी पिकतात. आपोआप पिकायला सोडलेली फळं रेंगाळतात, आणि जितकं रेंगाळणं तितकी बुरशीला सवड. न्यूझीलंडमधल्या प्रयोगांत इथिलीन दिलेल्या फळांत सड कमी आढळली. मात्र साठवणुकीच्या खोलीत, जिथे फळ झोपवून ठेवायचं आहे, तिथे हेच इथिलीन गळत असेल तर घात. शीतगृहात अ‍ॅव्होकॅडोशेजारी पिकलेली केळी ठेवणाऱ्याला काय म्हणावं?

तापमानाची तर अट कडक आहे. १५ ते २० अंशांत पिकलेलं फळ सर्वात चांगलं निघतं. २५ च्या पुढे सड वाढत जाते. ३० च्या घरात फळ धड पिकतही नाही, बुरशीला मात्र ते हवामान मनापासून आवडतं.

आता माझा तांदळाचा डबा आठवा. इथिलीन कोंडण्याचं काम त्याने चोख केलं. आजीने हापूसची अढी पेंढ्यात लावली ती याच हिशेबाने, आणि हापूसला मे महिन्याची उष्णता सोसते. पण डबा होता ३३ अंशांच्या स्वयंपाकघरात. आईचा अर्धा निकाल बरोबर होता तो इथे.

पावसात पिकणारं फळ

भारतातल्या अ‍ॅव्होकॅडोची खरी अडचण पंचांगात आहे. कर्नाटकातल्या कोडगूमध्ये (कूर्गमध्ये), कॉफीच्या मळ्यांत सावलीला लावलेल्या झाडांवर, फळांचा हंगाम ऐन पावसाळ्यात येतो. फळ वाढतं पावसात, तोडायचंही पावसात, आणि बुरशीला पाहिजे तेवढं पाणी आभाळातून. तिथल्या चेट्टळ्ळीच्या फलोत्पादन प्रयोग केंद्राने अर्का सुप्रीम आणि अर्का कूर्ग रवी या जाती दिल्या आहेत. झाडं मिळतील, उत्पादनही येईल, पण पावसात तोडलेलं पातळ सालीचं फळ मुंबईपर्यंत नीट आणायचं ही वेगळी विद्या आहे, आणि ती द्राक्ष-डाळिंबाच्या पॅकहाऊसवाल्यांनी मनावर घेतली तर लवकर येईल.

महाराष्ट्रात आता जे कुणी अ‍ॅव्होकॅडो लावत आहेत त्यांना बहुतेक सगळे रोपाबद्दल सांगतात: रोप कितीला, एकरी किती, फळ कधी. गार खोलीबद्दल कुणी बोलत नाही. पहिला हंगाम येईल तेव्हा त्याच दिवशी फळ थंड करायला जागा असेल का, आणि पिकवायला १८ अंशांची खोली असेल का? नसेल तर बागेतलं देखणं फळ बाजारात मऊ आणि काळं होऊन पोचेल, आणि दोष जातीला जाईल.

घरात तुम्हीआम्ही काय करायचं? फळ कडक असताना फ्रिजमध्ये टाकू नका, पिकणं अडतं. घरातल्या सर्वात गार, हवेशीर कोपऱ्यात ठेवा. घाई असेल तर कागदी पिशवीत एका केळ्यासोबत, पण रोज बोटाने चाचपा. देठाजवळ हलकं दबलं की लगेच फ्रिजमध्ये, आणि मग दोन-तीन दिवसांत संपवा. पिकलेल्या फळासाठी फ्रिज, कच्च्यासाठी नाही.

त्या दिवशी डब्यात दुसरा अ‍ॅव्होकॅडो अजून टणक होता. तो काढला आणि बेडरूममध्ये एसीखालच्या शेल्फवर ठेवला. २४ अंश, आदर्श नाही, पण स्वयंपाकघरापेक्षा बरं. आई म्हणाली, फळाला एसी आणि आम्हाला पंखा. चौथ्या दिवशी तो देठापाशी जरा दबला. कापला तर देठाच्या बुडाशी नखाएवढा तपकिरी चंद्र, बाकी सगळं स्वच्छ. तो चंद्र आजूबाजूच्या बोटभर गरासकट काढून टाकला, वास घेतला, आणि उरलेल्याची कांदा, मिरची, कोथिंबीर आणि लिंबू घालून कोशिंबीर केली. आईने चमचाभर चाखली आणि म्हणाली, मीठ कमी आहे.